सेक्रेटरी आणि पहिली दावण

आमच्या दूध संस्थेच्या सेक्रेटरींची जात कोणती, हे गावात पाच जणांना पक्कं माहीत होतं, आणि पाचही जणांना वेगवेगळी. एकदा त्या पाच जणांची चहाच्या टपरीवर गाठ पडली, विषय निघाला, आणि चहा गार होईस्तोवर भांडण. एक म्हणतो, मला त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. दुसरा म्हणतो, मलाही त्यांच्याच तोंडानं. खोटं कुणीच बोलत नव्हतं. ज्या जातीचं नाव ऐकून ज्याचा घास अडकेल, त्याला सेक्रेटरी तीच सांगायचे. मला मात्र त्यांनी कधी सांगितली नाही, कारण मी विचारलीच नाही. आमच्या वस्तीला दुसऱ्याची विचारायची सवय नसते हो, आमची सांगण्यातच आमचा जन्म जातो.

ते मूळचे तलवाड्याकडचे, एवढं खरं. आमचं गाव सिरसाळ्याजवळ. तिथं ते संस्थेचे सेक्रेटरी म्हणून आले आणि गावाचे होऊन बसले. उंच, वाळलेले, बोलताना मान अशी वाकवायचे की समोरच्याला वाटावं आपलंच काहीतरी खाली पडलंय. खिशाला दोन पेनं. एकात शाई नसायची. रागीट माणसाला सही करायला तेच द्यायचे. तो पेन झटकत बसला की त्याचा राग निम्मा उतरतो, असं त्यांचं म्हणणं.

मी संस्थेत कॅन धुवायचे, आणि अक्षर बरं म्हणून पुढं रजिस्टरही लिहायला लागले. शाळा मी बघितली ती बाहेरून. अक्षरं शिकले ती लेकीच्या पाटीवर, तिच्या पाठीमागं बसून. म्हणून माझं लिहिणं बोलल्यासारखंच आहे, ते तेवढं चालवून घ्या.

सेक्रेटरी सगळ्यांना अहो म्हणायचे. चेअरमनला अहो, मला अहो, आवार झाडणाऱ्या म्हातारीला अहो. म्हशीलासुद्धा. "अहो, जरा पाय काढा बाई," असं म्हशीला म्हणताना मी या कानांनी ऐकलंय. आणि दुसरा कुणी एकेरीवर आला की ते एकदम बहिरे व्हायचे. एकदा एक जण माझ्याकडं हात करून म्हणाला, "हिला सांगा कॅन आणायला."

"कुणाला?"

"हिला ओ."

"कोण ही? इथं तर कुणी दिसत न्हाई."

मी समोर उभी, कॅन हातात, आणि हे खिडकीतून बाहेर बघतायत. दूध नासायची वेळ आली. शेवटी तो माणूस दात आवळून म्हणाला, "बाईंना सांगा." लगेच यांना दिसायला लागलं.

त्यांचा चहाचा एक नियम होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण सभेला जो शेवटी येईल त्यानं सगळ्यांचा चहा करायचा. आता मोठा माणूस उशिरा येतो, ही आमच्याकडची रीत. आधी येऊन बसला तर चेअरमन कसला. पहिल्या सभेला चेअरमन ऐटीत शेवटी आले, तर सेक्रेटरींनी त्यांच्या हातात पातेलं दिलं. "साखर खालच्या डब्यात हाय, चेअरमन." त्यांना चेष्टा वाटली. पण बाकीचे कप घेऊन गप्प बसलेले. त्या दिवशी आम्ही जे प्यालो त्याला चहा म्हटलं तर चहाला वाईट वाटेल. पुढच्या महिन्यात चेअरमन अर्धा तास आधीच दारात उभे. त्यांना बघून बाकीचेही लवकर यायला लागले, आणि एकदा मीच शेवटी पोचले, पदराला हात पुसत.

खोलीत कोण कुणाकडं बघेना. सेक्रेटरी म्हणाले, "स्टोव्हला पिन मारावी लागंल, बाई."

मी पिन मारली, आलं ठेचून चहा केला, कप फिरवले. दोघांनी पित्ताचं कारण सांगितलं. सेक्रेटरींनी त्यांचे दोन्ही कप स्वतः प्यायले, एकामागून एक, सावकाश, फुरके मारत. मग म्हणाले, "पित्त बरं होईस्तोवर या दोघांना सभेला रजा." पुढच्या सभेपर्यंत पित्त बरं झालेलं होतं.

असा माणूस, तर मला वाटलं घरीही असाच असेल. एकदा रजिस्टर द्यायला त्यांच्या घरी गेले. सेक्रेटरी बाजेवर पाय लांब करून पडलेले, आणि काकू पाण्याच्या तांब्यापासून चष्म्यापर्यंत एकेक वस्तू हातात आणून देतायत. वर हे म्हणतात, चहा कोमट हाय. मी काकूंना सहज विचारलं, "काकू, तुमच्या घरात सगळ्यात शेवटी कोण येतं?"

"कोण येणार, हेच. मी जाती कुठं?"

मग मी त्यांना संस्थेचा नियम सांगितला. काकूंनी सगळा ऐकून घेतला आणि तोंडाला पदर लावला. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी माझ्याशी बोलेनात. दुपारी कुठं म्हणाले, "बाई, तुमी लई शिकला."

"कुठं हो, लेकीच्या पाटीवरच."

"घरचा स्टोव्ह लई धूर करतो," एवढंच बोलले. पण केला त्यांनी चहा, रोज संध्याकाळी केला. खोटं कशाला बोलू.

एकदा वरच्या आळीच्या दोघांनी तक्रार आणली की आमचं दूध वेगळ्या कॅनमध्ये घ्या, त्यांच्यात मिसळू नका. त्यांच्यात म्हणजे आमच्यात. सेक्रेटरी म्हणाले, बरोबर हाय, आपलं दूध आपण जपावं. वेगळा कॅन दिला, त्यावर दोघांच्याच हातानं नावं लिहून घेतली, आणि म्हणाले, आता शीतकेंद्रापर्यंत राखणीला तुमीच बसा टेम्पोत. दोघं बसले कॅनला धरून. शीतकेंद्रावर सगळ्या गावांचे कॅन एकाच टाकीत उपडे होतात, हे त्यांनी कधी बघितलेलं नव्हतं. हमालानं त्यांचाही उचलला आणि ओतला. सेक्रेटरींनी दोघांना टाकीच्या काठाशी नेलं. "बघा, यातलं तुमचं कोणतं." दोघं खरंच वाकून बघत होते म्हणे.

पण हे सगळं पाणी होतं तेव्हाचं. माणूस कळला तो छावणीच्या साली.

त्या साली विहिरी आटल्या, बोअरमधून नुसती हवा यायला लागली, कडबा बघायला मिळेना. सरकारनं जनावरांसाठी चारा छावण्या उघडल्या. आमच्या गावची छावणी संस्थेकडं आली, म्हणजे सेक्रेटरींकडं. माझे मालक ऊसतोडीला लांब गेलेले. माझ्याकडं एकच म्हैस, आणि तिला दहावा महिना लागलेला. बरगड्या अशा वर आलेल्या की हात फिरवला तर वाजतील. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, हिला चालवू नका, उन्हात ठेवू नका, न्हाईतर गाभ टाकंल. एवढी अशक्त म्हैस, गाभ गेला असता तर मागोमाग तीही गेली असती. आमच्या घरात दुसरं काही नव्हतं. मी रात्रंदिवस तेवढाच घोर करत होते.

छावणी गायरानात. पहिल्या दिवशी सगळे बांबू, ताडपत्र्या घेऊन आले आणि सवयीनं निघाले आपापल्या बाजूला. वरच्या आळीचे बाभळींच्या सावलीकडं, धनगर त्यांच्या खाली, मुसलमान वाटेच्या पलीकडं, आणि आम्ही बौद्ध सगळ्यात शेवटी शेणाच्या खड्ड्याजवळ. कुणी कुणाला सांगितलं नाही. गाव जसं वसलंय तसंच गायरानात वसायला लागलं. सेक्रेटरींनी सगळ्यांना थांबवलं. त्यांनी पहाटेच पांढऱ्या फक्कीनं रेघा मारून दावणी आखल्या होत्या. पाण्याच्या हौदाला लागून पहिली दावण गाभण जनावरांची. दुसरी दुभत्यांची. तिसरी गरीब बैलांची, भाकड आणि म्हातारी चौथीत, आणि मारके बैल लांब, एकमेकांपासून चार चार हातांवर. प्रत्येकाला विचारायचे ते जनावराचंच. गाभण हाय का, कितवा महिना, शिंग उगारतं का. मालकाचं नाव सगळ्यात शेवटी, तेही पावतीपुरतं.

त्यामुळं झालं असं, की माझी म्हैस पहिल्या दावणीला, आणि तिला लागून गावच्या माजी सरपंचांच्या आईची गाभण गाय. या बाईंना सगळं गाव आक्का म्हणायचं. सत्तरीची, काटक, बोटाला कायम मिसरी, आणि जीभ अशी की तिच्या दारावरून कुत्रं जपून जायचं. पलीकडं बाबूभाईंची गाय. ते बांगड्या विकायचे, माणूस मऊ.

आक्कानं कमरेवर हात ठेवून विचारलं, "सेक्रेटरी, माझ्या शेजारी कोन हाय ही?"

"म्हैस हाय, आक्का."

"म्हशीचं न्हाई इचारलं मी."

"बाकीची नोंद आपल्याकडं न्हाई."

आक्कानं मधे पोत्यांचा पडदा बांधला. तीन दिवस पडदा होता. चौथ्या दिवशी माझ्या म्हशीनं खाल्ला. दुष्काळच तसा होता. पडदा गेल्यावर म्हैस आणि गाय एकमेकींच्या माना चाटत उभ्या, आणि आक्का आणि मी एकमेकींकडं पाठ करून बसलेल्या.

मग आक्कानं चेअरमनला बोलावून आणलं. चेअरमन तिच्या भावकीतले. ते सेक्रेटरींना म्हणाले, "या बाईची म्हैस तिकडं शेवटी बांधा. उगं कावून वाद वाढवता?"

"हलवू की. पन जनावराला त्रास पायजे. म्हैस गाईला मारती का? चारा वढती का?"

"आहो, म्हशीचा विषय न्हाई."

"छावणी तर जनावराचीच हाय, चेअरमन." आणि सेक्रेटरींनी त्यांना बाज टाकून दिली, म्हणाले, बसून बघा, काही त्रास दिसला तर लिहून घेतो. चेअरमन तासभर दोन जनावरांचं चाटणं बघत बसले आणि उठून गेले ते सभा लावूनच थांबले.

सभेत हात वर झाले. ज्यानं त्यानं आपापल्या माणसांत जनावर बांधावं, असा ठराव. आक्काचा हात सगळ्यात उंच. मला वाटलं आता सेक्रेटरी काहीतरी तिरपं काढतील. पण ते एका शब्दानं भांडले नाहीत. "मंजूर," म्हणाले. "उद्या सकाळपासून माणसाप्रमाणं." आणि चष्म्याआडून असे हसले की मला कळलं, यांना उद्याची गंमत बघायचीय.

गंमत झाली, पण आधी माझ्या जिवावर झाली. सकाळी मी म्हैस सोडून शेणाच्या खड्ड्याजवळ नेली. सावली नाही. हौद अख्ख्या छावणीच्या त्या टोकाला, आणि वाट सगळी दगडगोट्यांची. पाण्याला नेताना निम्म्या वाटेत म्हशीचे पुढचे पाय लटपटले आणि ती गुडघ्यावर बसली. पोट दगडावर. मी तिच्या मानेला धरून ओढतीय, ती उठेना. सेक्रेटरी पळत आले. तोंडाचा रंग उतरलेला.

मी त्यांना म्हणाले, "तुमाला त्यांना शिकवायचं होतं ना? मग तुमची म्हैस आनून बांधायची इथं."

"मला म्हैस न्हाई, बाई."

"म्हनूनच तुमाला हासू आलं."

एवढं बोलणं मी त्यांना कधी बोलले नव्हते. त्यांनी मान वाकवली, पण या वेळी समोरच्याचं काही पडलेलं नव्हतं. त्यांनी आणि बाबूभाईंनी मिळून म्हैस उठवली. मग सेक्रेटरींनी दोन बादल्या घेतल्या आणि दिवसभर हौदावरून शेणाच्या खड्ड्यापर्यंत पाणी वाहिलं. पायजमा चिखलानं माखलेला. लोक हसत होते. सेक्रेटरींनी स्वतःच्या पंच्याची माझ्या म्हशीवर सावली केली, दोन काठ्यांना बांधून.

तिकडं बाभळींखाली, वरच्या आळीच्या बाजूला, चेअरमनच्या भावकीचे सगळे मारके बैल शेजारी शेजारी. भावकीच ती, बैलांतही होती. दुपारपर्यंत दोन बैलांनी दावी तोडली, एकानं चेअरमनला बाभळीवर चढवलं. ते बराच वेळ वरच होते, आणि खालून त्यांना कुणीतरी विचारत होतं की ठराव कुणी मांडला होता. आक्काची गाय दोन बैलांच्या मधे, अंग चोरून थरथरतीय. पुतण्याच्या बैलानं तिच्या पोटाच्या दिशेनं शिंग फिरवलं, तशी आक्का पुतण्याला शिव्या देत मधे घुसली. गाय सोडली आणि सरळ चालत गेली पहिल्या दावणीला. आपला जुना खुंटा शोधला, गाय बांधली, आणि रिकाम्या दावणीत एकटीच उभी राहिली.

गाय हंबरायला लागली. थांबेना. इकडून माझी म्हैस ओरडायला लागली.

आक्का तिथूनच मला ओरडली, "ए, तू कावून तिकडं उनात उभी हायस? ही चारा खाईना. आन की ती म्हैस हिकडं."

मी काही हलले नाही. माझाही राग होताच की. सेक्रेटरी बादली ठेवून आक्काकडं गेले. "आक्का, ऐकू आलं न्हाई. कुणाला म्हनाला?"

आक्कानं त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, गाईकडं बघितलं. मिसरी थुंकली. म्हणाली, "बाई, आना म्हैस."

म्हैस हळूहळू आणली. संध्याकाळपर्यंत सगळी छावणी पुन्हा फक्कीच्या रेघांवर. ठराव रद्द करायला कुणी सभा बोलावली नाही. सेक्रेटरींना वाटलं मी आता खूश असेन. मी त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही. तेही रोज सकाळी येऊन माझ्या म्हशीलाच विचारून जायचे, "कशा हाव?"

तीन आठवड्यांनी भर दुपारी म्हैस अडली. रेडकाचं डोकं मागं वळलेलं, नुसता एक पाय बाहेर. डॉक्टर बीडला गेलेले. मी रडायलाच लागले. आक्का बाजेवरून उठली, बांगड्या वर सारल्या, कोपरापर्यंत तेल लावलं आणि हात आत घातला. बाबूभाईंनी म्हशीची मान धरली. सेक्रेटरी मागं येरझारा घालत म्हणतायत, "अहो, जरा जोर लावा."

"तुमी बाजूला व्हा," आक्का म्हणाली. "आहो म्हनून पोट मोकळं व्हत न्हाई." आणि मला म्हणाली, "रडू नको. रडनाऱ्या बाईचा मला लई राग येतो."

बराच वेळ गेला. आक्काच्या कपाळावरून घाम टपटपतोय, तोंडानं ती म्हशीला, मला, सेक्रेटरींना आणि नसलेल्या डॉक्टरला शिव्या देतीय. मग तिनं एकदम श्वास सोडला, खांदा मागं घेतला, आणि ओलं, काळं, लांब पायांचं रेडकू तिच्या मांडीवर आलं. रेडा नाही, वगार होती. नाकातला चिकटा आक्कानंच पदरानं काढला. म्हैस मान वळवून हुंगायला लागली, तेव्हा मी खाली बसले ती उठलेच नाही.

तिसऱ्या दिवशी चिकाचा खरवस केला. मी पातेलं घेऊन नुसती उभी होते, द्यावं की नको. आक्का म्हणाली, "उभी काय हायस, वाढ. गूळ कमी पडलाय बग, वासावरूनच कळतंय." दोनदा घेतला तिनं.

आणि त्याच दुपारी सेक्रेटरी रजिस्टर घेऊन आले. "बाई, म्हैस आता गाभण न्हाई. दुभत्यांच्या दावणीला न्यावी लागंल. इथली जागा दुसऱ्या गाभणीला द्यायची हाय."

आक्का उसळली. "हिला कावून हलवता? आत्ता कुठं बसली ती."

"नियम हाय, आक्का."

"मी चेअरमनला सांगंन."

"त्यांचीच गाय परवा हलवली."

आक्का लई बोलली. ते ऐकत राहिले आणि हलले नाहीत. मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. म्हैस आता धड होती, चार पावलं चालून हौदावर जात होती, आणि मागं येणाऱ्या गाभणीचाही जीवच होता. मी म्हैस आणि वगार सोडली, दुसऱ्या दावणीला जाऊन बांधली. आक्का पाठ करून बसली, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढायला बसले, तर माझ्या खुंट्याला लागून आक्काची बाज. आक्का वर मांडी घालून मिसरी लावतीय, आणि वगार तिचा पदर चघळतीय. गाय तिकडं पहिल्या दावणीलाच, सुनेच्या हवाली.

सेक्रेटरी फेरीला आले, बाज बघून थांबले. रजिस्टर उघडलं, पान उलटलं, परत मागं उलटलं. म्हणाले, "आक्का, तुमची जागा पहिल्या दावणीला."

आक्कानं बोट तोंडातून काढलं. "गाय गाभन हाय, ती हाय तिथंच हाय. म्या गाभन हाय व्हय?"